चाळीस मोजा

तीन दिवस एकच पान.
बाई कडीला हात लावून उभी
आणि शेवटची ओळ : ती म्हणाली –
पुढं नाही. टिचक्या मारल्या, बोट घासलं,
रात्रभर चार्जरला ठेवलं.
बाई तशीच उभी.

उद्यमनगरात मोटारी भरणारा यासीन शिकलगार
तांब्याची तार न सोडता म्हणाला,
"जीव गेलाय. शाई तेवढी ऱ्हायलीय.
बटण दाबून धरा, चाळीस मोजा.
मधी सोडायचं न्हाई."

बाकड्यावर बसून मोजू लागलो.
बाराला शेजारच्या लेथवर पोलादाची साल निघाली,
एकोणिसाला चहावाला विचारून गेला,
सव्वीसला अंगठा थरथरला.
तालमीत जोर काढताना वस्ताद असेच फसवायचे :
एकोणतीस... आणि परत एकोणतीस.

चाळीस.
पडदा काळा, पांढरा, काळा,
मग हळूहळू अक्षरं,
दार, कडी, हात.

"किती द्यायचे?"
"बटण तुमीच दाबलं की."

पान उलटलं.
तीन दिवसांत त्या बाईच्या तोंडी
मी काय काय घातलं होतं,
घर सोडते, माफ केलं, उशीर झाला तुम्हाला...

ती म्हणाली,
"दूध उतू चाललंय, कुणी बघतंय का?"