नेटची उंची

हुपरीत पहिलं नेट बांधलं आदगोंडानं,
पंचगंगेच्या कोळ्याकडनं आणलेलं फाटकं जाळं.
एक टोक कडुलिंबाला,
दुसरं बंद पडलेल्या ट्रकच्या हौदाला.
उंची धरली मुबारकच्या हाताची,
तो उडी मारून टेकेल तिथं.
मुबारक लांबडा. बाकीच्यांचं नशीब.

दिवसभर पैंजणाच्या घुंगराला डाख द्यायचा,
सांजेला त्याच पोळल्या बोटांनी लिफ्ट.
नवा पांढरा चेंडू
आठ दिवसांत करडा व्हायचा.

मग छातीवर कारखान्याचं नाव आलं,
सहा जणांना पगार,
आणि केरळहून लिफ्टर, जोस,
त्याला तांबडा सोसेना, पांढरा सोडवेना.
बेळगावला फायनल, पाचवा सेट, चौदा-बारा.
तिथनं हरलो.
कुणामुळं, हे चहाच्या गाड्यावर अजून ठरतंय.

चेअरमन बदलला. पगार बदलला नाही, थांबला.
जोस जाताना बूट ठेवून गेला,
कुणाच्याच मापाचे नव्हते.

मी स्कोअर लिहायचो. सतरा वह्या आहेत.
शेवटच्या पानावर मुबारकच्या मयतीचा खर्च,
वर्गणीची नावं
सर्व्हिसच्या क्रमानं लागली आहेत,
मुद्दाम नव्हे, हाताला तीच सवय.

काल तिथंच पोरी खेळत होत्या.
"नेट खाली बांधलंय गं," मी कट्ट्यावरनं ओरडलो.
मुबारकची नात वळली, घाम पुसत,
"पोरींचं एवढंच असतंय, आजोबा. मोजा की."

टेप आणून मोजलं.
बरोबर होतं.