शेरा

तेहतीस वर्षं मी धूर कमी केला.
रबाळे, महापे, तुर्भे :
चिमणी दिसली की मान वर,
हातातलं करड्या छटांचं कार्ड
आभाळाशी ताडून बघायचो.
दोन नंबरची छटा भरली की नोटीस.
मालक म्हणायचे, साहेब, चहा तरी घ्या.

आणि आता ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये,
फिलोमिना परेरांच्या जेवणाच्या टेबलावर
वीतभर इंजिन उताणं घालून बसलोय,
त्याचा धूर वाढवायला.

"कॉलिन होता तेव्हा भसाभसा यायचा.
आता उदबत्तीएवढाही नाही."
किती थेंब घातलेत?
"मोजले नाहीत. भरेस्तोवर."

बुडलं होतं बिचारं.
कापसाने तेल टिपून काढलं.
आत काचतंतूंची वात, टोकाला कोळसा झालेली,
तिच्याभोवती केसाएवढी तार.
मीटर लावला. तार जिवंत.

वात बदलली.
ओली केल्याशिवाय वीज द्यायची नाही,
कोरडी पहिल्याच फेरीत जळते,
हे कॉलिनच्या वहीत सापडलं,
वाणसामानाच्या यादीखाली.
तळाचं भोक सुईने मोकळं केलं.
धुराला वर जायचं तर खालून हवा लागते,
किती बॉयलरवाल्यांना दरडावलं असेल मी हेच सांगून,
उलट्या कारणासाठी.
शिवाय गाडी हळू झाली की तार थंड पडायची,
तर तिला स्वतंत्र वायर ओढून दिली.
आता फलाटावर उभी असतानाही धगधगेल.

सहा थेंब. मोजून.
पंखा बंद करा म्हटलं.

आधी नुसता वास, विझल्या मेणबत्तीसारखा.
मग चिमणीच्या तोंडाशी एक पांढरी गुठळी
घुटमळली,
आणि गाडी मिठाच्या बरणीला वळसा घालेपर्यंत
मागचा पट्टा लांबत गेला
थेट लोणच्यापर्यंत.

फिलोमिना काही बोलल्या नाहीत.
उठून खिडकी तेवढी लावून आल्या.

माझा हात आपसूक पाकिटात.
कार्ड अजून आहे, कडा मऊ पडलेल्या.
पांढऱ्या धुराला ते चालत नाही, ठाऊक आहे,
तरी धरलं, एक डोळा मिटून.
कॉलिनच्याच वहीत लिहिलं,
साबण, रवा, दोन नारळ यांच्या खाली :
चिमणीची उंची अकरा मिलिमीटर.
धूर दोन नंबर, किंचित वरच.
शेरा :

पेन टेकवून बसलो होतो.
त्या म्हणाल्या, "अजून दोन थेंब घालू?"