उरलेला केक

माँटेव्हिडिओहून तीन विमानं बदलून
नेलिदा ओउलूला उतरली तेव्हा
आटवलेल्या दुधाची बरणी
माद्रिदच्या तपासणीतच राहिली होती.
"पातळ पदार्थ," म्हणाला तिथला पोरगा.
"अरे, चमचा उभा राहतो यात!"
त्याने बरणी टोपलीत टाकली.

दारात ग्रिसेल्दा. पन्नाशीची.
कानामागे पांढरं, न रंगवलेलं.
फोनवर हे कधी दिसलं नव्हतं,
की दिसूनही नेलिदाने पाहिलं नव्हतं?

जून. रात्रीचे अकरा वाजलेत,
आणि ऊन अजून टेबलावर.
जावयाने, पेक्काने, मेणबत्त्या लावल्या:
ज्योती दिसेनात,
नुसत्या वाती काळ्या पडत गेल्या.
पाहुणे गायले, शेजारी कुणी आजारी असावं तसे.
नेलिदाला एकच शब्द कळला, मुलीचं नाव,
तेही पहिल्याच अक्षरावर ठेचकाळलेलं.
मग सगळे गप्प बसले, मजेत.
तिला वाटलं, काही बिनसलं की काय.

पाहुणे गेल्यावर, ताटल्या पुसताना,
"आई, तुझ्या पन्नाशीला मी कुठे होते गं?"
"इथेच. पत्र आलं होतं तुझं.
सगळं बर्फाबद्दल."
ताटली केव्हाच कोरडी झाली होती,
ग्रिसेल्दा पुसतच राहिली.

नेलिदाने तिच्या हातून फडकं घेतलं.
"तेव्हा मी केक आणलाच नव्हता.
एकटीसाठी कोण आणतं?
म्हणजे बाकी आहे तो. काढ."

दोघींनी उभ्याउभ्याच खाल्ला,
हातानेच,
बोटं चाटत.
"गोड कमी आहे," नेलिदा म्हणाली.