अकरा वजा एक

फळ्यावर सोडियम काढला:
मध्ये अकरा, भोवती अकरा,
शेवटचा एकटाच, बाहेरच्या वर्तुळात,
बस चुकलेल्या पोरासारखा.
शेजारी क्लोरीन. बाहेरच्या घरात सात,
आठवी जागा रिकामी.
खडूने बाण ओढला. ह्याने दिला, त्याने घेतला.
हा धन झाला, तो ऋण.

मागच्या बाकावरून सुलक्षा मिठगावडे:
"सर, ज्यानं गमावलं तो धन कसा?
आणि ज्याला मिळालं, तो ऋण?"

वर्ग हसला. मीही.
म्हटलं, नावं आधी पडली गो,
इलेक्ट्रॉन मागाहून सापडला.
कुणीतरी अंदाजाने अधिकची खूण करून ठेवली होती,
हा निघाला उण्याच्या बाजूचा.
तोवर वह्या भरल्या होत्या. खोडणार कोण?

आणि बघ, आतले अकरा हलत नाहीत.
बाहेर दहाच उरले, म्हणून
आतला एक उघडा पडतो.
तेवढंच त्याचं धन.

तिने हे लिहून घेतलं नाही.

शनिवारी परीक्षेचा फॉर्म घेऊन आगरवाड्याला गेलो.
मानस बंद. खाजनाकडून वारा.
तिची आई, कुंदा, लाकडी फावड्याने
कोंड्यातलं मीठ कडेला ओढत होती,
खरवडल्याचा एकच आवाज, पुन्हा पुन्हा.
मला राहवलं नाही. म्हटलं, बघ सुलक्षा,
आत्ता, इथे, तुझ्या पायाशी देणंघेणं चाललंय.

"नाही सर. खाडीत ते आधीपासूनच सुटे असतात,
तुम्हीच सांगितलं होतं.
देणंघेणं कधीच होऊन गेलं.
ऊन फक्त मधलं पाणी काढून घेतं."

खरं होतं.
पाणी दोघांच्या मध्ये उभं होतं इतके दिवस,
एकेकाला गराडा घालून;
ते उठून गेलं तसे हे
शेजारी शेजारी बसले, एक आड एक,
चौकोनी.
एकूण बेरीज शून्य, आणि तरी
फावड्याला जड.

कुंदाने हात पुढे केला. बोटांना चिरा.
"झोंबतां, सर. तुमच्या पुस्तकात आसा तें?"

आहे. बोटापासून डोक्यापर्यंत
झोंबल्याची बातमी नेणाराही सोडियमच,
शिरेच्या दारादारांतून आत घुसत.
मी बोललो नाही.
तिला ते आमच्यापेक्षा
आधी पोचलेलं होतं.

निघताना तिने पिशवी भरून दिली.
पाकीट काढलं तर म्हणाली,
"दिलें तें दिलें."

स्कूटरच्या हूकला दीड किलो मीठ लावून
मी पेडण्याच्या रस्त्याला लागलो, ऋण.
पिशवी गळत होती डाव्या चपलेवर.
घरी पोचेपर्यंत सुकलं,
पट्ट्यावर एक पांढरी रेघ.