धावदोरा

स्लेटच्या खाणीखाली, इद्वलच्या शेडमध्ये
मिनी कुशीवर निजवलेली.
इंजिन नाही, काचा नाहीत, दारं भिंतीला टेकून उभी.
नुसता पत्रा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा.

पेचकसानं तो उंबरा टोचतो.
गंज भुरभुर पडतो चहाच्या मगात;
इद्वल तसाच पितो.

"सलग जोडायचं नसतं, नॉन.
इंचभर टाका, इंचभर मोकळं.
एकदम तापवलास तर पत्रा रुसतो,
मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

अगं बाई, हा तर धावदोरा!
बांगोरच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी गणवेशांच्या बाह्या जोडल्या;
फक्त सुईतून ठिणग्या कधी उडाल्या नाहीत.

सस्पेन्शनच्या मुळाशी तळहाताएवढं ठिगळ.
त्यालाही तो भोकं पाडतो,
माझ्या केकच्या काट्यावर तोलतो:
तीनशे दहा ग्रॅम. अजून एक भोक. दोनशे पंच्याण्णव.
मैद्याच्या पांढऱ्यात आता लोखंडाचा कीस.

मागल्या गाडीचं दार
जंगलातल्या त्या उडीनंतर उघडलं नव्हतं.
एवढंच सांगतो, आणि मुखवटा खाली ओढतो.
शेजारच्या सीटवर कोण होतं, मी विचारत नाही.
तिथे आता मी बसायची आहे.

रात्री पिंजऱ्याचा शेवटचा पाइप तळाला जोडला.
बोटाच्या पेरानं छतावर टकटक केली:
डबा वाजायचा तिथे
थंड, बुटका आवाज.

"वजन किती तुझं?"
नकाशा हातात देत त्यानं विचारलं.
मी दोन किलो चोरले.