ठसा

काचेवर बोट ठेवलं.
यंत्र म्हणालं, पुन्हा.
रुमालाला पुसलं, ठेवलं. पुन्हा.
काउंटरपलीकडची मुलगी स्क्रीनकडेच बघत म्हणाली,
काका, नीट दाबा ना.

छत्तिसाव्या वर्षी काका. असो.
दाबतोच आहे गं.
सोळा वर्षं दाबतोय
भोसरीत, जे ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
सरफेस ग्राइंडरवर,
कूलंटच्या दुधाळ पाण्यात मनगटापर्यंत.
पोलादाचा तुकडा चुंबकावरून उचलायचा,
अंगठा फिरवायचा आणि सांगायचं,
अजून दोन मायक्रॉन.
मायक्रोमीटर नंतर यायचा.
खातवळकर साहेब लावून बघायचे,
आणि नुसतं हुं म्हणायचे.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत तिकडच्यांनी विचारलं,
हाताला किती कळतं?
म्हटलं, केसाचे तीस भाग करा.
त्यातला एक.
ते दोघं एकमेकांकडे बघून हसले
आणि नोकरी लागली.

त्याच कामाने रेषा नेल्या,
एकेक करून,
मला न विचारता.

बाकी फाइल पक्की आहे, बरं का.
दहावीच्या दाखल्यावर मी बाळक्रिश्न,
आयटीआयच्या कागदावर बालकृष्णा,
पासपोर्टात शेवटचा ए गळालेला.
हे तिघे एकच, असं
पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय.
नोटरी म्हणाला, तिघांनी मिळून
इथे एक सही करा.

भाषेचंही झालंय.
देवस्थळी बाईंच्या क्लासात, चिंचवड स्टेशनला,
शिफ्टवरून तसाच, मागच्या बाकावर,
शर्टाला तेलाचा वास.
सूर्य तिकडे ती.
सुरी तिकडे ते.
मुलगीसुद्धा ते, असं बाई म्हणाल्या
तेव्हा आयटीतली पोरं खो खो हसली.
मला नाही हसू आलं.
मीही रात्री दार लोटून हेच विचारतो,
झोपलं का लेकरू?

रेशनच्या दुकानात हे नेहमीचंच.
तिथे सारिकाचा अंगठा चालतो.
इथे तिला आतच सोडत नाहीत.
ती बाहेर फुटपाथवर, पिशवीत डबा,
मी येतोय तो चेहरा बघून
काही न विचारता उठली.
नाशिक फाट्यापर्यंत बसमध्ये
माझा हात उलटा करून बघत राहिली,
जसा पहिल्यांदाच बघतेय.

साहेब म्हणाले, पंधरा दिवस रजा टाक.
कातडी परत येते.
मग काय.
रात्री ग्लिसरीन, सकाळी ग्लिसरीन,
भांडी नाही, गाडी पुसणं नाही,
लिंबू पिळायचं तर जुईने.
घरात नवरदेवासारखा बसून होतो
हात मांडीवर ठेवून.
बाराव्या दिवशी उजेडात धरला अंगठा,
तर बारीक, फिकट,
तान्ह्या बाळाच्या जावळासारख्या
रेषा.

जुईने लगेच मोबाइल आणला,
अंगठा धरून काचेवर टेकवला.
बाबा, उघडला!
तीनदा बंद करून तीनदा उघडून दाखवला तिने
शेजारच्या काकूंनासुद्धा.

दुसऱ्या खेपेला यंत्राने एकदाच विचारलं.
हिरवा दिवा.
तीच मुलगी. यावेळी वर बघून म्हणाली,
आले बघा.
आठ आठवडे धरून चाला.

तोवर काम तर करायचंच.
सोमवारी मशीन चालू केलं,
पहिला तुकडा उचलला,
अंगठा फिरवला धारेवरून.
पुन्हा फिरवला.
दुसऱ्या हाताचा फिरवला.

साहेब मागे येऊन उभे.
किती रे, बाळू?

पट्टा फिरत होता, कूलंट गळत होतं.
म्हटलं,
साहेब, जरा
मायक्रोमीटर द्या.