उसना एक

नायजर नदीच्या काठी, गायाच्या दवाखान्यात,
माझ्या टेबलावर दोन वह्या.
हिरवी जन्मांची. वर्षात तीनदा संपते,
कणा उसवला की दाभणाने शिवते मी.
करडी मृत्यूंची.
तिला अजून कोऱ्या कागदाचा वास येतो.

काल राजधानीहून सेनी सुमाना आला,
काखेत गुंडाळलेला तक्ता.
भिंतीला खिळा नव्हता, म्हणून
बिबाता सुईण आणि मी
दोन टोकं धरून उभ्या राहिलो.
अल्जीरिया, बेनिन, नायजेरिया:
शेजाऱ्यांचे खांब,
आणि आपला, सगळ्यांत उंच,
पावसाळ्यानंतरच्या बाजरीच्या ताटासारखा
कागदाच्या कडेला टेकलेला.
"नैसर्गिक वाढ," सेनी म्हणाला.
"जन्मांतून मृत्यू वजा करायचे. बास."

"नैसर्गिक?" बिबाताने तिच्या टोकाला हिसका दिला.
"रात्री तीनला दातांत बॅटरी धरून
मी आडवं मूल फिरवत असते,
तेव्हा कुठे निजलेला असतो हा निसर्ग?"

वजाबाकी मला उशिरा आली.
मास्तर म्हणायचे, वरचा आकडा पुरत नसेल
तर शेजारच्या घरातून उसना घे.
एवढं मात्र लगेच पटलं.
आमच्याकडे तसंच तर चालतं:
मीठ, चटई, बारशाला पातेली,
एकदा तर पुलापलीकडून आख्खी नर्स.
बेनिनच्या त्या बुटक्या खांबात
माझी नणंद राहते, मालांविलच्या बाजारात कांदे विकते.
तीन मुलं आहेत. चौथं नको म्हणते.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

सेनीने करडी वही चाळली,
पानं भराभर सुटली.
"मृत्यू कमी झालेत. शाबास, हम्सातू."

मी गप्प.
जन्माचा कागद शाळेला लागतो, म्हणून लोक येतात.
मेल्याचा कशाला लागतो?
चाळीस दिवसांचं पोर रात्री जातं,
उजाडायच्या आत बाप आणि काका
कडुनिंबामागे माती सारखी करून येतात,
दुपारी आई विहिरीवर.
छातीला करकचून बांधलेलं फडकं,
त्यावर दुधाचे दोन ओले डाग.
मी विचारत नाही.
हिरव्या वहीत त्या नावापुढे
पेन्सिलीने ठिपका देते, पुसता येईल असा.

ठिपके तक्त्यात जात नाहीत.
आपल्या खांबाच्या आत ती उभी आहेत,
वजा व्हायची राहिलेली,
एकमेकांच्या खांद्यांवर,
शेजाऱ्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत.

जीप गेली. तक्ता कपाटावर पडला.
संध्याकाळी सलामातू आली,
पाठीवर नवं, अकरा दिवसांचं.
"नाव?"
"हमिदू."
मी वर पाहिलं.
"हमिदूच," ती म्हणाली.
पेन चालेना.
शेजारच्या औषधांच्या खिडकीतून
एक उसनं आणलं
आणि लिहिलं.